काडीवरचे वेढे

हे खरं घडलेलं आहे.

एवढं ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो असेन. माझं वय आता अठ्ठ्याऐंशी. स्वतःच्या डोळ्यांवर माझा तरुणपणीही भरवसा नव्हता, आता तर एकात मोतीबिंदू आहे. तरीही सांगतो. हे घडलं, आणि माझ्यासमोर घडलं.

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

एप्रिल १९५८. हिंगणघाट तालुक्यात, वडनेरच्या पुढे, नाल्याकाठचं एक खडकाळ, पडीक बरड. दुपारी बारा वाजता.

सलग पाच दिवस.

त्या बरडावर मोठ्या दगडांची वर्तुळं होती. गावकरी त्यांना रिंगणं म्हणत आणि तिथे गुरं चारत नसत. आत अडीच हजार वर्षांपूर्वी पुरलेली माणसं आहेत, असं आमच्या सदाशिवराव सरांचं म्हणणं. सरांना भांड्यांपेक्षा हाडांत जास्त रस होता. जुनी माणसं कशाने आजारी पडत, हे त्यांना हाडांवरून शोधायचं होतं. त्यावर लोक हसत, पण सर ऐकत नसत.

मी, नानाजी, बावीस वर्षांचा. वर्ध्याचा. पुस्तकांतून डोकं वर न काढणारा. हात मात्र चित्रात बरा होता, म्हणून सरांनी मला नेलं. सापडलेली प्रत्येक वस्तू मोजून, आहे तशी कागदावर काढायची, एवढंच माझं काम.

त्या सोमवारी संध्याकाळी तिसऱ्या रिंगणात एक सांगाडा लागला.

उजव्या घोट्याजवळ चुनखडीसारखा पांढरा, वाकडातिकडा दोरा होता. सर गुडघ्यावर बसले. ब्रशने दोऱ्यावरची माती झाडत राहिले.

"नारू," शेवटी म्हणाले. "हा किडा मांसातच मेला की त्याचा असा दगड होतो. नानाजी, हा माणूस पायात नारू घेऊन मेलाय."

हाताच्या बोटांजवळ हाडाची एक काडी पडली होती. बोटभर लांब, गुळगुळीत. सर म्हणाले, "सुई असेल." मी ती घासूनपुसून मापात कागदावर काढली आणि कापूस घातलेल्या डबीत ठेवली.

काडी कोरी होती. तिच्यावर काहीही नव्हतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ठेवता आलं नाही.

आमच्या मजुरांत चंद्रभान म्हणून एक होता. तिशीचा, काटक, बोलका. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली होती. इतर मजूर सांगाड्याला हात लावायला कचरत, तेव्हा तो हसत खड्ड्यात उतरे.

"हाड म्हंजे हाड, बाबू. मी तं भूत-भगत सारं सोडून देल्लं. आता भूतच मले भेते."

त्यालाही नारू झाला होता. त्याच उजव्या घोट्याला. तेव्हा पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या निम्म्या गावाला होत असे. फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर येई. ते एका काडीवर गुंडाळायचं, रोज थोडंसं, अगदी हळू. तुटला की पाय गेला. कधी माणूसही जाई. चंद्रभानने पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी घेतली होती. सोमवारी तिच्यावर पाच वेढे झाले होते. त्याने स्वतः मोजून दाखवले.

"अजून चारपाच झाले का निंगालाच साला बाहीर. मंग मनकर्णा म्हनते, मले बजारात नेजो."

मनकर्णाबाई त्याची बायको. त्याही आमच्याकडे माती वाहायच्या.

मंगळवारी बाराला सगळे कडुनिंबाखाली भाकरी खायला गेले. मी तंबूतच थांबलो. चारचौघांत जेवायला मला संकोच वाटे.

झाडांवर होले घुमत होते. लांब कुठेतरी मोटेचा आवाज होता.

आणि मग… दोन्ही थांबले.

एकदम. जणू कुणी कानांवर हात ठेवला.

त्या शांततेत बाहेरून आवाज आला.

किर्र…

थांबला.

किर्र…

ओला दोरा लाकडावर ताणून गुंडाळावा, तसा.

तंबूच्या कापडावर सावली होती. कुणीतरी जमिनीवर बसलं होतं, एक पाय लांब करून. पुढे वाकलं होतं. हात घोट्याशी होते.

"चंद्रभान?" मी म्हणालो.

सावली हलली नाही.

मी बाहेर आलो. कुणी नव्हतं. चंद्रभान तिकडे झाडाखाली आडवा होता, तोंडावर दुपट्टा घेऊन. तंबूजवळच्या धुळीत एका टाचेचा खोल खड्डा होता. एकाच.

होले पुन्हा घुमू लागले.

आत येऊन मी सहज डबी उघडली. कापसावर हाडाची काडी होती.

तिच्यावर एक वेढा होता. पांढरा, चुनखडीचा, घट्ट बसलेला.

मी कालचं चित्र शोधून पाहिलं. चित्रात काडी कोरी होती.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर ओरडला असता. मी काय केलं? मला वाटलं, माझीच चूक. काल उजेड कमी होता. मातीत दिसला नसेल.

मी पेन्सिल घेतली आणि चित्रात एक वेढा वाढवला.

बुधवारी सकाळी चंद्रभान कामाला लागण्याआधी माझ्याकडे आला. "बाबू, काल रातच्याले पट्टी सोडली तं चारच वेढे. फिरवाले गेलो तं आतून कोनं ओढून राह्यलं असं वाटलं."

सरांनी ऐकलं. "नारू आखडतो कधीकधी. जोर करू नकोस," म्हणाले.

त्या दुपारी पुन्हा होले थांबले. किर्र… किर्र… हाडाच्या काडीवर दोन वेढे. मी पहिली रेघ खोडून नीट जागा केली आणि दोन काढले.

गुरुवारी तीन.

गुरुवारीच सरांनी डबी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ही सुई नाही! नारू गुंडाळायची काडी आहे! अडीच हजार वर्षांपूर्वी, नानाजी, हीच रीत! सोमवारी तुला हे वेढे दिसले नाहीत?"

"दिसले," मी म्हणालो. "चित्रात आहेत."

चित्रात होतेच.

शुक्रवारी जेवणानंतर चंद्रभान लंगडत तंबूत आला. त्याचं अंग तापलं होतं. त्याने पट्टी सोडून दाखवली. पऱ्हाटीच्या काडीवर एकच वेढा उरला होता.

"बाबू, हसू नका. मी दीक्षा घेतलेला मानूस, हे बोलाची मलेच लाज वाटते. तुमच्या त्या हाडाच्या काडीवर किती वेढे हायेत?"

डबी माझ्या हाताखाली होती. थोड्या वेळापूर्वीच मी चौथा वेढा काढला होता. खोडरबराचा चुरा अजून कागदावर होता.

मी तो फुंकून टाकला.

"ते पैलेपासून होते काय? का आता आले? सांगा ना. तुमी तं रोज पाहून राह्यले."

मला सरांचा चेहरा आठवला. मी "दिसले" म्हणालो होतो. आता "नव्हते" म्हटलं तर खोटारडा ठरलो असतो, किंवा वेडा. आणि खरं सांगू? चार वेळा चित्र बदलल्यावर मलाच खात्री उरली नव्हती.

"पहिल्यापासून आहेत," मी म्हणालो. "चित्र बघ."

त्याने चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. सुटल्यासारखा हसलासुद्धा. "तुमी लिवनारे-वाचनारे. तुमचं खरं असन. नाईतं मी म्हननार होतो, बाबू, त्याची काडी त्याले देऊन टाका. ठेवा परत जागेवर."

तो गेला.

रात्रभर मी जागा होतो. शनिवारी साडेअकराला डबी खिशात घालून मी तिसऱ्या रिंगणाकडे निघालो. दहा पावलं राहिली होती. सर तिथेच मोजमाप घेत होते.

"काय रे? काही हवंय?"

"नाही सर."

मी परत आलो. दहा पावलं. मी ती अजून मोजतो.

बारा वाजले. होले थांबले.

किर्र…

त्या दिवशी सावली नव्हती. आवाज तंबूच्या आत होता. माझ्या पायांजवळ. मी खाली पाहिलं नाही. डोळे मिटून बसलो, लहान मुलासारखा.

मग कुणीतरी सुस्कारा सोडला. खूप दिवसांचं दुखणं संपल्यावर माणूस सोडतो, तसा. धिमी पावलं तंबूबाहेर गेली. दोन्ही पायांची. बरोबरीची.

काडीवर पाच वेढे होते.

झाडाखाली मनकर्णाबाईंची किंकाळी ऐकू आली.

पऱ्हाटीची काडी चंद्रभानच्या घोट्यावरून गळून पडली होती, कोरी. जखमेत टोकही दिसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. बैलगाडीने हिंगणघाट, तिथून वर्धा. बुधवारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, नारू आत तुटला, विष भिनलं. तसं होतं. होऊ शकतं.

आठवड्याने मनकर्णाबाई त्याचं फावडं न्यायला आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाबू, ते रोज सांगत, बाबूनं मोजलं, बाबू खोटं नाई बोलत. खरं सांगा. पैल्या दिवशी किती होते?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लुगड्याच्या गाठीतून पऱ्हाटीची काडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"ठेवा. तुमी काड्या जमा करता म्हने."

हाडाची काडी सरांनी तपासणीला पाठवली. पुढे ती कुठे गेली, मला ठाऊक नाही. चित्र माझ्याकडे आहे. खोडून खोडून त्या जागी कागद पारदर्शक झालाय. पऱ्हाटीची काडीही आहे, दोन्ही ट्रंकेत. ती मिळाली त्याच दिवशी मी तिचंही चित्र काढलं होतं. कोरी काडी. खाली तारीख, सही.

त्यानंतर मी कधी खोडरबर वापरलं नाही.

नारू आता देशातून गेला म्हणतात. मीही वर्तमानपत्रात वाचलं. बरं झालं.

पण या एप्रिलमध्ये, मंगळवारी, बाराच्या सुमाराला माझ्या खिडकीतले होले एकदम थांबले.

ट्रंकेतून आवाज आला.

किर्र…

मी काडी काढून पाहिली. तिच्यावर एक वेढा होता. पांढरा, ओलसर. काल, बुधवारी, दोन झाले.

मुलाला दाखवणार होतो. तो म्हणाला असता, बाबा, आधीपासूनच असतील. त्याला मी काय उत्तर देणार?

या वेळी चित्राला हात लावलेला नाही. चित्रात काडी कोरीच आहे.

चंद्रभानचा दोरा आतच राहिला होता. तो त्याला काढायचा असेल. रिंगणातल्या त्या माणसाने आपला दोरा काढायला चंद्रभानचा पाय घेतला; चंद्रभानलाही दुसऱ्या कुणाचा तरी पाय लागणार.

आज बाराला पाच मिनिटं कमी आहेत. मी उजवा पायमोजा काढून, पाय लांब करून बसलो आहे.

म्हणजे त्याला शोधत फिरावं लागणार नाही.