हाक --आचल

संध्याकाळी बरोबर पाच चाळीसला वनरक्षक श्रावणचा फोन आला, तिथून हे सारं सुरू झालं.

"गोकुळाबाई, तलावाच्या पाळीवर वाघ बसून हाये. भोंगा लावा."

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात जंगलाच्या कडेनं खांबांवर भोंगे होते. ते वाजवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, गोकुळाच्या नवऱ्यानं, मिथुननं, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर लिहिली होती. आज मूल गावाला जाताना तिला तिथं बसवून तो चिडवून गेला होता, "मॅडम, 'हाक' लिहाचं, दोन आडव्या रेघा, मंग जागा. तलाव, मोहबन नाई तं शाळा. चौथं काई टाकलं तं ओळखत नाई म्हणते अन् गप बसते."

भोंगा नुसतंच 'कूऽऽ' करायचा, जंगलात बाया करतात तसं. तिथं माणसाला नावानं हाक मारत नाहीत. नाव ऐकणारं आणखीही कोणी असतं.

पण तलावावर सासूच्या, म्हणजे सुकरीच्या मागं, शिंगाडे तोडायला आचल गेली होती. पाच वर्षांची लेक. गोकुळा घाईनं टाइप करू लागली. दोन रेघांपुढं जागेऐवजी तिनं आचलचंच नाव टाकलं.

चूक कळली तोवर बटण दाबून झालं होतं. आता ओळखत नाही म्हणेल... पण पडदा काळाच राहिला. ओल्या चिखलाचा वास खोलीत शिरला. बाहेर पाखरं, बेडूक, सारं जंगल गप झालं. आणि तलावाकडून आवाज आला.

"आचल... ये माय, घरी ये..."

आवाज गोकुळाचा होता. तिचे ओठ तर मिटलेलेच होते.

ती धावत सुटली. वाटेतच दोघी येताना दिसल्या, सुखरूप.

"वाघ?"

"होता ना," सुकरी हळूच म्हणाली. "तू आमच्यासमोर चालून राह्यली होती, तं मान खाली घालून बाजूले झाला." मग तिनं सुनेकडं नीट पाहिलं. "पण तू तं... आता गावाकडून आली."

आचल आईजवळ येईना. "ती आई कुठी गेली?"

मिथुननं परतल्यावर स्क्रिप्ट वाचून काढली. जागा तीनच. त्यानं आचलचं नाव पुन्हा टाकून पाहिलं. 'ओळखत नाही' असं उमटलं, अन् मशीन थांबलं.

"अजून एकदा पायतो."

"नोको," गोकुळानं त्याचा हात धरला. "आली होती ना ते एकदा. आता तिले त्रास नोको देऊ."

ती दुसरी गोकुळा तेव्हापासून पाळीवर दिसत राहते. गुराखी पत्रू मागच्या आठवड्यात तिला मागं टाकून पुढं गेला. काय पाहिलं, ते तो सांगत नाही. पण झोपेत तो गोकुळाच्या आवाजात आचलला हाक मारतो.

म्हणून तलावाकडं कोणी निघालं असेल, तर एवढं सांगा: समोर गोकुळासारखी बाई चालताना दिसली, तर तिच्या मागंमागं निवांत घरी या. फक्त तिच्या पुढं जाऊ नका.