नऊ वेळा निळी

"सहा माणसं गेली, डॉ. नाडगौडा, आणि एकही नळी निळी पडली नाही. तुमचा रेणू नापास झाला!"

असं म्हणणाऱ्या हर्षल सबनीस यांची राज्यभर डायलिसिस केंद्रं होती. नळ्या त्यांच्याच कारखान्यात बनत. आतला थर मात्र रेवती नाडगौडाच्या प्रयोगशाळेचा. आज त्याच प्रयोगशाळेत चौकशी चालली होती. टेबलावर बार्शीच्या केंद्रातून जप्त केलेली एक नळी ठेवलेली होती.

"मला साध्या शब्दांत सांगा," चौकशी अधिकारी लतिका खोब्रागडे म्हणाल्या.

"या थराला आम्ही नीलसाक्षी म्हणतो," रेवती म्हणाली. "एरवी तो रंगहीन असतो. जंतूंचं विष चिकटलं की रेणूची रचना बदलते आणि तो निळा होतो. निळी नळी फेकून द्यायची. अंगठा उठवणाऱ्या रुग्णालाही धोका दिसावा, म्हणून रंग निवडला."

"आमच्याकडे प्रत्येक नळी एकदाच वापरतात," सबनीस म्हणाले. "नवी कोरी नळी, तरी रंग नाही. मग दोष कुणाचा?"

रेवतीने नळी उजेडात धरली. कोऱ्या नळीला असते तशी ती स्वच्छ नव्हती. फिकट पिवळसर झाक होती. तिने नळी वर्णमापकात ठेवली. आलेला आकडा तिने दोनदा वाचला.

"निळ्या रेणूवर प्रखर नारिंगी प्रकाश टाकला, की तो विष सोडतो आणि पुन्हा रंगहीन होतो," ती सावकाश म्हणाली. "पण दर खेपेला शंभरातले दोन रेणू तुटतात आणि कायमचे पिवळे पडतात. रंगहीन रेणूला नारिंगी प्रकाशाने काहीच होत नाही. म्हणजे नळी जितक्या वेळा निळी पडली आणि पुसली गेली, तितकाच पिवळेपणा साठतो."

"इथे किती?"

"दहा. त्यातली एक खेप कारखान्यातली. तिथे जांभळ्या प्रकाशाने निळी करून पाहतात आणि पुसतात. उरल्या नऊ." ती सबनीसांकडे वळली. "एकदाच वापरलेली नळी नऊ वेळा ओरडली? आणि नऊ वेळा तिचं तोंड दाबलं कुणी?"

"खालच्या माणसांनी काहीतरी केलं असेल," सबनीस म्हणाले.

दाराजवळ बसलेला, बार्शीच्या केंद्रातला तंत्रज्ञ मुनीर तांबोळी ताडकन उठला. "खालच्या माणसांनी? साहेब, तुम्हीच दिवा पाठवला होता! जंतुनाशक दिवा म्हणून. नळी निळी झाली की दहा मिनिटं दिव्याखाली धरायची, निळा गेला की जंतू मेले, असं तुमच्याच माणसाने शिकवलं आम्हाला."

"त्या प्रकाशाने एकही जंतू मरत नाही," रेवती म्हणाली.

मुनीर खाली बसला. मग एकदम बारीक आवाजात म्हणाला, "त्या सहांतल्या हरणाबाईंनी विचारलं होतं मला, ही निळी कशी रे? मी म्हटलं, मावशी, थांबा, आत्ता साफ करतो. आणि तीच लावली."

खोब्रागडेंनी जप्तीची पेटी उघडून दिवा बाहेर काढला. मागच्या पट्टीवर रेवतीच्या प्रयोगशाळेचं नाव होतं.

"कारखान्यातल्या तपासणीसाठी हे दिवे मीच दिले होते," रेवती म्हणाली.

"एकदा निळा झाला की पुसताच येणार नाही, असा रेणू करता येत नव्हता?" खोब्रागडेंनी विचारलं.

"आधी तोच केला होता. पण तपासलेली प्रत्येक नळी वाया जाते, अशी यांची तक्रार आली. मी सहा महिन्यांत पुसता येणारा करून दिला. पुसता येतं म्हणजे कुणीही पुसू शकतं, हे मला कळायला हवं होतं."

सबनीसांच्या ओठांवर हसू आलं. "ऐकलंत ना, मॅडम?"

"हसू नका!" रेवती ओरडली. तिचं बोट त्यांच्यावर रोखलेलं होतं. "तुम्ही खुनी आहात. नऊ वेळा कळून नऊ वेळा केलेला खून आहे हा."

ते बोट तिने खाली घेतलं नाही. दुसऱ्या हाताने तिने जबाबाचा कोरा कागद ओढला आणि आरोपींच्या रकान्यात सबनीसांचं आणि त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.