बंद मशीनने दिलेली ओ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण माझी बायको खोटं बोलत नाही. हे तिच्यासोबत घडलंय. रविवारची दुपार. ऑफिसच्या तळघरातली सर्व्हर रूम.

तिचं काम बॅकअपचं, म्हणजे कंपनीच्या माहितीची दुसरी प्रत काढून ठेवायचं.

एका मशीनने तिचं डोकं उठवलं होतं. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कुठे नव्या नंबराने दिसायचं, तर कुठे जुन्या नावाने... चिमी. सॉफ्टवेअर एकाच मशीनला दोन समजायचं आणि बॅकअप अडकायचा.

चिमी ही अण्णांची मुलगी. माझ्या बायकोच्या आधी हे काम अण्णा करायचे. मशीनला लाडाने पोरीचं नाव त्यांनीच दिलेलं.

पोरगी तापात गेली. अण्णांनी नोकरी सोडली.

बायकोने जुनं नाव सगळीकडून पुसलं. मशीन बंद केलं.

मशीन चालू आहे का, हे बघायला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याला हाक मारता येते. चालू असेल तर ओ देतं, म्हणजे पडद्यावर एक ओळ उमटते.

हिने नंबराने हाक मारली. ओळ नाही. बरोबरच होतं.

मग जुन्या नावाने मारली...

ओ आली.

हिने मशीनची वायर उपटली. पुन्हा हाक मारली...

पुन्हा ओ.

तिने अण्णांना फोन लावला. "अण्णा, चिमी हे नाव अजून कुठे राहिलंय का हो?"



"चिमी गेली त्या दिवशी घरून फोन आला होता, ताई," अण्णा म्हणाले. "पोरगी सारखी हाका मारतेय म्हणून. साहेब म्हणाले, बॅकअप संपल्याशिवाय उठायचं नाही. मी उठलो नाही."



"स्पीकर लावा. फोन मशीनजवळ धरा," अण्णाच पुढे म्हणाले.

हिने धरला.

"चिमे..."

खोलीतल्या सगळ्या मशीनचे पंखे थांबले.

हिला काहीच ऐकू येत नव्हतं. अण्णा मात्र कुणाचं तरी ऐकत होते. "हं... हं..."

मग म्हणाले, "आलो गं, बाळा."

फोन कट झाला. पंखे सुरू झाले.

जुनं नाव त्यानंतर कुठेच दिसलं नाही.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "बॅकअप झाला ना? मग मला कशाला सांगतेस?"

अण्णांचा फोन लागेना. आम्ही त्यांच्या घरी गेलो. दाराला आतून कडी. पोलिसांनी दार तोडलं.

आत कुणी नव्हतं. चपला दारातच होत्या.

हल्ली आमची मुलगी आतून हाक मारते, तेव्हा बायको हातातलं टाकून धावते.

कधी कधी मुलगी गाढ झोपलेली असते.

आणि हाक... मीही ऐकलेली असते.