हिरडीला टांगलेली अक्षरं

या, असे जवळ या. मागच्यांनीही पुढे सरकावं, जागा आहे. घटकाभर मन इकडे द्या, एका पेंटरची आणि एका डॉक्टरणीची गोड गोष्ट ऐकवायची आहे. देवाने माणसाला बत्तीस दात दिले ते काय नुसते चावायला? हसायलाही दिले! पण दातांच्या डॉक्टरणीला हे पटायला मध्ये एक शिडी यावी लागली.

शिडीवर पेंटर होता. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची पाटी रंगवत होता. पाटीवरचं एकेक अक्षर वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखं! खालून डॉक्टरीण चालली होती. अंगात नवा कोट, हातात शेजारच्या गाळ्याची नवी किल्ली. आणि... टप्प! खांद्यावर थेंब.

"अगं बाई!"

"घाबरू नका," वरून आवाज आला. "पांढऱ्यावर पांढराच सांडलाय. कुणाला दिसणार नाही."

"मला दिसतोय ना!" तिने वर पाहिलं. तो हसत होता. तिने विचारलं, "डावीकडची दाढ दुखते ना तुमची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हसताना डावा डोळा मिटलात."

"बरं झालं. मला वाटलं, डोळा मारला असं समजाल."

"समजले होते... म्हणून तर नीट पाहिलं."

झालं! दवाखान्याच्या पाटीचं काम त्यालाच मिळालं. काम दोन दिवसांचं, पण हा दिवसाला एकच अक्षर काढी. "शेजारचं वाळल्याशिवाय दुसरं काढलं की अक्षरं रुसतात," म्हणे. ती शिडी धरून उभी राही. शिडी भक्कम होती, तरीही.

पाटी झाली तेव्हा रस्ता थबकला. वरची शिरोरेघ म्हणजे गुलाबी हिरडी, आणि तिला टांगलेली 'दातांचा दवाखाना' ही पांढरीशुभ्र अक्षरं म्हणजे दात! एक तिरकं, एक हलणारं, एकाने सुजलेल्या गालाला फडकं बांधलेलं. अनुस्वार तर हिरडीवरचा लालबुंद फोड!

सगळे हसले. एकटे तिचे बाबा सोडून. बाबा निवृत्त हेडमास्तर, गाळा त्यांचाच.

"हा दवाखाना आहे की पोरखेळ? पाटी बघून लोक हसतील, आत कोण येईल? आठ दिवस देतो. एकही पेशंट आला नाही तर पाटी पुसायची, गाळ्याला कुलूप, आणि तू आत्याच्या गावी इस्पितळात नोकरीला!"

सात दिवस लोक पाटीपुढे पोट धरून हसले. डॉक्टरीण दारात उभी राहून उघड्या तोंडांत डोकावायची. "आज चौदा किडक्या दाढा दिसल्या," ती पेंटरला सांगे.

"आणि आत?"

"आत माशीसुद्धा नाही. खुर्ची दिसली की तोंडं मिटतात."

आठव्या दिवशी तो आला. चेहरा चुन्यासारखा.

"रंग आणलात?" तिचा आवाज बारीक झाला. "पुसायला..."

"नाही. दाढ आणलीय."

तो खुर्चीत बसला आणि हातांनी खुर्ची अशी आवळली, जणू तीच पळून जाईल.

"तीन मजले शिडी चढता, आणि याला घाबरता?"

"शिडी दाढ उपटत नाही हो!"

दाढ निघाली. त्याच्या दोन्ही गालांत कापूस भरला होता. खिडकीला गर्दी चिकटली होती, दारात बाबा. आणि बघा देवाची लीला! जीभ धड होती तेव्हा ज्याला मनातलं सांगायला एक शब्द सुचला नाही, तो आता भडाभडा बोलू लागला, "म्ही थुम्हाला... फयल्या धिवसाफासून..."

तोंडात कापूस असलेल्या माणसाची भाषा जगात फक्त दातांच्या डॉक्टरांना कळते. तिचे कान लाल झाले.

"काय म्हणतोय?" बाबा ओरडले.

"म्हणताहेत... पाटी पुसू नका."

"एवढंच? वाक्य तर हातभर होतं!"

त्याने छातीवर हात ठेवून आणखी काहीतरी म्हटलं.

"आता काय?"

"आता... बाबा, आता तुम्हाला नाही, मला विचारलंय."

मास्तरांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्या सुजलेल्या गालाकडे. मग घसा खाकरला.

"मग उत्तर दे की! पेशंटला ताटकळत ठेवायचं नसतं."

"हो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पण आता दोन तास गप्प बसायचं."

तो रक्ताळलेल्या तोंडाने असा काही हसला, की खिडकीतल्या एका आजीबाई म्हणाल्या, "एवढं सुख होत असेल, तर माझीही बघ गं बाई!" मागोमाग आणखी चौघं आत शिरली.

"रांगेत! रांगेत उभे राहा!" मास्तर गरजले.

तर मंडळी, तुमच्याही वाटेवर अशी एखादी पाटी असेल. ती वाचून ओठांवर हसू आलं, तर उन्हात शिडीवर उभं राहून ती लिहिणाऱ्याला क्षणभर आठवा. पाटीवर दुकानदाराचं नाव हातभर असतं, त्याचं कुठेच नसतं. देव त्याचा हात स्थिर ठेवो.