ससोबाची शेवटची ट्यूब

प्रयोगशाळेतल्या बर्फाच्या मशीनमध्ये दोघंही एकदमच वाकले आणि दोघांची डोकी चांगलीच आपटली.

"घ्या, तुम्ही आधी..." तो कपाळ चोळत म्हणाला.

"नको, बादली तुमची मोठी आहे."

"बादलीच मोठी आहे हो! आत काय, तर ही एवढीशी ट्यूब." बर्फात रोवलेली ट्यूब त्यानं कौतुकानं दाखवली. "पेशीतला कचरा जिरवणाऱ्या पिशव्या असतात ना, लायसोसोम — त्यांच्या आवरणातलं प्रोटीन शोधणारी अँटिबॉडी. एका सशाच्या रक्तातून मिळालेली, त्याचीच कृपा. ससा बिचारा गेला. आता ही शेवटची ट्यूब."

ती बघतच राहिली. नेमकं तेच प्रोटीन शोधता शोधता ती मेटाकुटीला आली होती. विकत आणलेली अँटिबॉडी काही केल्या ते दाखवत नव्हती. म्हणजे या सशाच्या अँटिबॉडीपायी सगळे ज्याला ससोबा म्हणत, तो खालच्या मजल्यावरचा प्रसिद्ध मुलगा हाच तर!

तिनं भीडभाड न ठेवता थोडी मागितली. त्यानं जरा आढेवेढे घेतले, मग एका प्रयोगापुरती काढून दिली. "पण वापरून झाली की परत आणून द्यायची हं. पुन्हा चालते."

मग तिचं जिन्यावरून खाली-वर सुरूच झालं. ट्यूब देता-घेता हातमोज्यांतली बोटं बोटांना लागत. दोघंही तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणालाच कळलं नाही.

"आज उशीर केलास," तो म्हणे.

"वाट बघत होतास?"

"मी नाही... ट्यूब."

तिच्या प्रयोगात ते प्रोटीन एकदाचं स्वच्छ दिसलं. तिच्या गाइड मॅडमनी पाठ थोपटली. काम संपलं. आता खाली जायचं काहीच कारण नव्हतं, आणि याचंच तिला वाईट वाटत होतं. शेवटी तिनं खुशाल थाप मारली, "अजून एकदा खात्री करून घ्यायची आहे."

त्या दिवशी तो घाईत होता. त्यानं अख्खी ट्यूबच तिच्या हातात ठेवली. "हवी तेवढी घे. माझे प्रयोग अजून अर्धे राहिलेत, तेवढं सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बघते तर काय, बादलीतल्या बर्फाचं पाणी झालेलं आणि त्यात ती ट्यूब तरंगतेय. फ्रीजमध्ये ठेवायचं ती साफ विसरली होती. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं ताईला फोन लावला.

"अगं ताई, मला गरजही नव्हती त्याची! उगीच मागून आणली आणि नासवली. त्याचं सगळं काम अडणार आता. तो माझं तोंडसुद्धा बघणार नाही."

"मग मला काय सांगतेस? जा, त्याला सांग."

ती खाली गेली. जिन्यात घोकलेली सगळी वाक्यं दारातच विसरली. "ती... तुझी ट्यूब... रात्रभर बाहेर... माझ्यामुळे..." आणि तिला रडूच कोसळलं.

त्यानं ट्यूब घेतली, पण तिच्याकडे बघितलंही नाही. त्याचा चेहरा पडला होता. मग फ्रीझरचं दार उघडून त्यानं खालचा खण ओढला. आत तशाच ट्यूब ओळीनं लावलेल्या, खण भरून!

"हे... हे सगळं?"

"त्याच सशाचं. एका रात्रीत ती बहुतेक बिघडतही नाही. सगळेच मागायला येतात म्हणून शेवटची आहे असं सांगायची सवय लागलीय. तुला खरं सांगणार होतो, पण..."

"पण काय?"

"सगळी एकदम घेऊन गेली असतीस. मग कशाला आली असतीस?"

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की मटकन स्टुलावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मग हसता हसता चिडली. "लबाड! सकाळपासून पाण्याचा घोट उतरला नाही माझ्या घशाखाली!"

"चुकलो. खरंच चुकलो," तो कान धरून म्हणाला. "ही घे, नवी ट्यूब. तुझी खात्री राहिली असेल ना करायची?"

"माझं काम कधीच संपलंय," ती म्हणाली.

"मग काल नेलीस कशाला?"

"तुला भेटायला. अजून कशाला?"

त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं नुसता तिचा हात धरला. आज दोघांच्याही हातात मोजे नव्हते. दार उघडं राहिलं म्हणून फ्रीझर केव्हाचा कोकलत होता, पण ऐकतंय कोण!