चौसष्ट उत्तरं

चार शब्दांचं ते वाक्य सोमवारी सकाळी फक्त नऊ जणांनी वाचलं होतं. बुधवारी दुपारी ते अकरा हजार लोकांच्या पडद्यावर सगळ्यांत वर जाऊन बसलं. ते लिहिणारा 'वाघनख' नावाचा कुणी महाभाग सोमवारनंतर कट्ट्यावर फिरकलाही नव्हता. मग त्या वाक्याला वर ढकललं कुणी?

वाक्य असं होतं : 'गोदा खराडे विकली गेली.'

गोदा खराडे ही कोंडवलीच्या 'गर्जना' महिला कबड्डी संघाची कोपऱ्यातली बचावपटू, आणि 'गर्जना कट्टा' ही त्या संघाच्या चाहत्यांची जमण्याची जागा. म्हणजे पूर्वी चावडीवर जमायचे तसं हे लोक पडद्यावर जमत. रविवारी अंतिम सामन्यात एकतीस-एकतीस अशी बरोबरी असताना समोरच्या संघाची शेवटची चढाई आली. चढाई करणारीच्या पायाचा अंगठा गोदाच्या घोट्याला निसटता लागला. पंचांनी पाहिलं नाही. प्रेक्षकांनी पाहिलं नाही. गोदाने मात्र हात वर केला आणि ती मैदानाबाहेर गेली. एका गुणाने चषक गेला.

कोंडवलीत पोरांना बाराखडीच्या आधी हे शिकवतात : स्पर्श झाला, तर आपला हात आपणच वर करायचा. गोदाने तेवढंच केलं होतं. आणि ज्यांनी जन्मात कधी मैदानाची माती अंगाला लावली नाही, ते घरी बसून तिला विकली गेली म्हणत होते!

तेरा वर्षांच्या शाल्मली पाटीलचं डोकं फिरलं होतं. गोदाताई तिची गुरू. खाडीतल्या विजेवर चालणाऱ्या होड्या दुरुस्त करून झाल्या की रोज संध्याकाळी ती शाल्मलीसारख्या चौदा मुलींना खेळ शिकवायची. सोमवारपासून ती मैदानावर आलीच नव्हती. राज्य संघाच्या निवडीसाठी शुक्रवारी पाच वाजेपर्यंत तिची सही हवी होती, आणि तिने निरोप धाडला होता, 'माझं नाव पाठवू नका.'

शाल्मली तीन दिवस भांडत होती. 'वाघनखा, तुझी लायकी काय?' इथून सुरुवात करून ती कुठवर पोचली होती, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या बाजूने 'चिंबोरी' नावाची कुणी एक तेवढ्याच त्वेषाने लढत होती. दोघी मिळून हाणत होत्या. आणि जितकं हाणावं तितकं ते वाक्य वर चढत होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती तडक संघाच्या सभागृहात गेली. तिथे गुणाजी असायचा. गुणाजी म्हणजे संघाचा गुणलेखक यंत्रमानव. त्याला सहा कॅमेऱ्यांचे डोळे होते, आणि विनोद अजिबात कळत नसे. सामन्याचे गुण तो मोजायचा, कट्ट्याच्या नोंदीही तोच ठेवायचा.

"गुणाजी, रविवारचं चित्रण दाखव. स्पर्श झाला होता हे सगळ्यांच्या तोंडावर फेकते."

"तो क्षण माझ्याकडे नाही," गुणाजी म्हणाला. "सहाही डोळ्यांसमोर खेळाडूंचे पाय आडवे आले होते. स्पर्श झाला हे फक्त त्या दोघींना ठाऊक."

"मग ते घाणेरडं वाक्य तरी खाली उतरव!"

"मी वाक्य वर चढवत नाही, तर खाली कसं उतरवणार? आधी ध्वनिक्षेपक उचल आणि त्या भोंग्यासमोर उभी राहा."

"मला आत्ता खेळ सुचत नाहीये."

"हा खेळ नाही. पुरावा आहे."

चिडचिड करतच शाल्मलीने ध्वनिक्षेपक (आपला आवाज पकडणारं बोलायचं यंत्र) हातात घेतला. गुणाजीने वर्धकाची (आवाज मोठा करणाऱ्या पेटीची) कळ थोडी फिरवली. भोंग्यातून बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला.

"कोण बोललं?" गुणाजीने विचारलं.

"कुणीच नाही. आपोआप येतोय."

"आता त्याला गप्प कर."

"ए, गप्प बस!" शाल्मली ध्वनिक्षेपकात ओरडली.

घूंऽऽचं क्षणात कीऽऽऽ झालं. छतावरचे पारवे उडाले. शाल्मलीने एक कान दाबला आणि दुप्पट जोराने ओरडली, "गप्प बस म्हटलं ना!" पण आता ती किंकाळी थांबायचं नावच घेईना. शेवटी गुणाजीने कळ मागे फिरवली, तेव्हा कुठे शांतता झाली.

"आता फेरी मोज," गुणाजी म्हणाला. "खोलीतली जराशी कुजबुज ध्वनिक्षेपकात शिरली. वर्धकाने ती मोठी केली. भोंग्यातून बाहेर पडली. आणि समोरच ध्वनिक्षेपक होता, म्हणून पुन्हा त्यातच शिरली. याला प्रत्याभरण म्हणतात (यंत्रातून बाहेर पडलेलं फिरून त्याच यंत्रात शिरणं). प्रत्येक फेरीत आवाज पहिल्यापेक्षा थोडा मोठा होऊन परतला तर काय होईल?"

"मोठा, आणखी मोठा... किंकाळी."

"आणि प्रत्येक फेरीत थोडा लहान होऊन परतला तर?"

शाल्मलीने विचार केला. "विरून जाईल."

"बरोबर. आणि तू 'गप्प बस' म्हणालीस, ते ध्वनिक्षेपकाला कळलं?"

"त्याला काय कळणार? त्याच्या लेखी तो नुसता आवाज."

बोलता बोलताच तिने हातातला ध्वनिक्षेपक खाली ठेवला.

"कट्ट्याची मांडणी एक आज्ञावली करते," गुणाजी सांगू लागला (आज्ञावली म्हणजे यंत्राने काय करायचं याच्या सूचनांची यादी). "ती शब्द वाचत नाही. कुठल्या वाक्याला किती उत्तरं आली, तेवढंच मोजते. जास्त उत्तरं, म्हणजे वाक्य वर. वर गेलं, म्हणजे जास्त लोकांना दिसलं. जास्त लोकांना दिसलं, म्हणजे जास्त लोक चिडले. चिडले, म्हणजे आणखी उत्तरं. झाली फेरी पूर्ण. सोमवारी दुपारपर्यंत त्या वाक्याला चाळीस उत्तरं होती. सव्वीस तुझी, अकरा चिंबोरीची, बाकी सगळ्या गावाची मिळून तीन."

"म्हणजे मी वर चढवलं ते?" शाल्मलीचा आवाज चिरकला. "हे बरंय! चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याने ताईवर चिखल उडवला, तो मोकळा, आणि मी तिच्यासाठी भांडले तर मीच गुन्हेगार?"

"गुन्हेगार कोण, ते मी ठरवत नाही. मी गुण मोजतो. आजपर्यंत तुझी चौसष्ट उत्तरं झाली. त्यातली एकोणीस शिवराळ."

"मग काय, अन्याय होताना तोंडाला कुलूप लावून बसायचं?"

"मी कुठे तसं म्हणालो? ध्वनिक्षेपक घे आणि भोंग्याच्या मागे जाऊन उभी राहा."

ती गेली. गुणाजीने कळ पुन्हा तेवढीच फिरवली. या वेळी घूं आलं नाही.

"आता बोल."

"गोदाताई खरी आहे," शाल्मली म्हणाली. साध्या आवाजात. शब्द न् शब्द सभागृहभर स्वच्छ ऐकू आला.

शाल्मली बाहेर पायरीवर जाऊन बसली. तिला गुणाजीचा राग आला, त्या बिनडोक आज्ञावलीचा आला, ती लिहून मोकळ्या झालेल्या मोठ्या माणसांचा तर फारच आला. काय मोजायचं हे ठरवताना एकालाही वाटलं नाही की शिवी आणि शाबासकी यांत काही फरक असतो? पण त्या सगळ्या रागाखाली एकोणीस हा आकडा खड्यासारखा टोचत होता. त्या एकोणीस उत्तरांबद्दल तिला कुणीच पकडलं नव्हतं.

मग तिने आपली चौसष्टच्या चौसष्ट उत्तरं मागे घेतली. आणि वाघनखाच्या वाक्याखाली नव्हे, तर वेगळ्या, कोऱ्या पानावर लिहिलं :

'मी शाल्मली पाटील, इयत्ता आठवी. गोदाताईंना स्पर्श झालेला कुणी पाहिला नव्हता, तरी त्यांनी हात वर केला. मी तीन दिवसांत चौसष्ट उत्तरं लिहून एक खोटं वाक्य वर चढवलं. त्यात एकोणीस वेळा घाण बोलले. कुणी पाहिलं नाही, पण मी हात वर करते. मी बाद.'

खाली तिने फेरीचं गणितही समजावून सांगितलं, भोंग्यासकट.

पहिला तासभर काहीच झालं नाही. मग एक उत्तर आलं : 'माझी सात होती. मागे घेतली. हात वर.' सहीत 'पेढीवरचे अण्णा' असं होतं. मग एका शिक्षिकेचं आलं, तीन उत्तरांचं. मग एका कॉलेजकुमाराचं, बावन्न उत्तरांचं! त्याच मोजणाऱ्या आज्ञावलीने आता हे पान वर न्यायला घेतलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत साडेतीनशे हात वर झाले आणि ते चार शब्द इतके तळाला गेले की शोधायचे म्हटले तरी बोट दुखावं. सगळेच काही सुधारले नाहीत. 'नाटकं पुरे' म्हणणारेही होते. शाल्मलीचे हात शिवशिवले, पण तिने त्यांना एका अक्षराचंही उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी चार वाजता गोदाताई मैदानावर आली. होडीच्या वंगणाने हात काळे झालेले, डोळे सुजलेले. चौदाही मुली खेळ सोडून तिच्याभोवती जमल्या.

"वाघनखाने हात वर केला?" तिने विचारलं.

"नाही, ताई." शाल्मलीचे कान तापले. "लपून बसलाय मेला."

"बसू दे. ज्याचा हात त्यानेच वर करायचा असतो, दुसऱ्याला ओढून तो करता येत नाही." मग गोदाताई म्हणाली, "सोमवारी तू एकटी नव्हतीस ना भांडायला?"

"नाही. चिंबोरी होती. तीच एक खरी, ताई. पण बुधवारपासून तिचा पत्ताच नाही."

"अकरा उत्तरं तिची."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

भर मैदानात, चौदा मुलींसमोर आणि गुणाजीच्या सहा डोळ्यांसमोर गोदाताईने आपला वंगणाने माखलेला उजवा हात वर केला.

शाल्मलीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"नाव बदलून स्वतःचीच बाजू घेत बसले होते गं," गोदाताई म्हणाली. "लाज वाटत होती. तुझं पान वाचलं आणि ठरवलं, आपण शिकवलेलं पोर पुढे गेलं, आता मागे राहून चालणार नाही. गुणाजी, तो कागद आण. पाच वाजायचेत अजून."

गुणाजी कागद घेऊन आला. "एक नोंद," तो म्हणाला. "आज्ञावलीने शब्दही वाचावेत, असा अर्ज मी कट्ट्याच्या चालकांना लिहिला आहे. सभासदांच्या सह्या हव्यात."

"पहिली माझी!" शाल्मली ओरडली.

"दुसरी," गोदाताई म्हणाली. पेन तिच्या हातात होतं. तिने आधी राज्य संघाच्या कागदावर सही केली आणि मग अर्जावर. दोन्ही कागदांवर वंगणाचा काळा अंगठा उठला.