थंडासुराची खरी जन्मकथा

"हे कोणालाही खरं वाटणार नाही," भालचंद्र ओगले खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "आणि वाटलंच, तर जन्मभर थापा मारून कमावलेलं नाव धुळीला मिळालं म्हणायचं."

"सुरू कर, भाल्या," शालनताई म्हणाल्या. "गाडी येईल एवढ्यात."

प्रयोगशाळेत द्राक्षांचा वास येत होता. पिंपळगावाजवळचं हे शीतगृह एके काळी परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी बांधलेलं. द्राक्षं दुसरीकडे गेली, यंत्रं राहिली, आणि त्यात शीतजीवनाचं संशोधन करणारी संस्था थाटली गेली. भिंती कितीदा रंगवल्या, पण वास काही हटला नाही. मधोमध एक लांबट पेटी होती. तिच्या काचेवर दव जमलं होतं, आणि काचेखाली शालनताईंचे यजमान, डॉ. सुधन्वा खांबेटे, बर्फाहून थोड्याच वरच्या तापमानात पहुडले होते. ते मेलेले नव्हते. जिवंत आहेत असंही कोणी शपथेवर सांगितलं नसतं.

आज ती पेटी लडाखला निघाली होती. तिथल्या नव्या केंद्रात थंडी फुकट मिळते, आणि इथली यंत्रं आता म्हातारी झाली होती. पेटीबरोबर शालनताईही कायमच्या जाणार होत्या. पेटी बंद करून सुधन्वांना शांतपणे निरोप देण्याचा रस्ताही संस्थेनं मोकळा ठेवला होता. निर्णय शालनताईंचा होता, आणि त्यांनी बॅगा भरल्या होत्या.

त्यांना थांबवायला ओगल्यांच्या हातात उरली होती फक्त एक गोष्ट.

ओगले मुलांसाठी चित्रकथा लिहीत आणि काढत. त्यांचा खलनायक थंडासुर, मेलेला आणि तरीही चालता-बोलता, दोन पिढ्यांनी पांघरुणात डोकं खुपसून वाचला होता. त्याला सुरी मारली तर रक्त येत नसे. धरणात बुडवलं तर तो तळावरून चालत पलीकडे निघे. त्यानं हात धरला की माणसाची कुल्फी होई. आपली प्रेयसी पुन्हा जन्माला येईल म्हणून तो शंभर अंक वाट पाहत होता आणि रागाच्या भरात गावंच्या गावं गोठवत होता. एकदाच हरला, नायकानं त्याला भर मे महिन्यात जळगावला नेलं तेव्हा. नाक मात्र त्याचं हुबेहूब खांबेट्यांचं. कॉलेजात ज्या मित्रानं शालनला आपल्या आधी विचारलं, त्याचं आणखी काय करायचं? ते नाक पाहून खांबेटे पोट धरून हसले होते, आणि मग 'असा प्राणी खरंच होईल का' या खुळानं त्यांनी बेडकांवर प्रयोग सुरू केले होते.

प्रत्येक अंक छापायला जाण्याआधी ओगले तो शालनताईंना ऐकवत. त्या पेशीशास्त्रातल्या जाणकार. दोघांचा एकच नियम होता. शालनताईंनी खोट काढली, की गोष्ट तिथल्या तिथे थांबवायची. थंडासुराची जन्मकथा आजवर अशी कितीतरी वेळा गर्भातच गेली होती.

"थंडासुर मुळात एक सज्जन शास्त्रज्ञ," ओगल्यांनी सुरुवात केली. "त्यानं पाहिलं, की काही बेडूक हिवाळ्यात दगडासारखे गोठतात आणि उन्हाळ्यात टुणकन उड्या मारतात. पेशींत साखर भरून घेतात, त्यामुळे बर्फानं फुटत नाहीत. यानं तसाच साखररस माणसासाठी बनवला. एके दिवशी प्रयोगशाळेतच त्याचं हृदय बंद पडलं, आणि त्याच्या शिष्यांनी तोच रस त्याच्या अंगात भरून त्याला गार केलं."

"इथपर्यंत ठीक. पेशी मंदावतात, थांबत नाहीत. म्हणून त्याला भूक नाही, वेदना नाही, वय नाही."

"वर्षातून एकदा त्याला थोडी ऊब देतात. हृदय चार ठोके टाकतं, डोळे उघडतात, आणि तो बोलतो."

शालनताईंनी पेटीकडे पाहिलं. सुधन्वाही बोलत. दर वर्षीच्या त्या ऊबदिवसाला तेच दोन शब्द: "आलोच, शालन." प्रयोगशाळेत हृदय बंद पडून कोसळले, त्या दिवशी शालनताईंनी त्यांना चहाला हाक मारली होती, आणि त्यांनी आतून तेवढंच उत्तर दिलं होतं.

"दर वर्षी तेच बोलतो ना तुझा थंडासुर?" त्यांनी विचारलं.

"तेच का? दर वर्षी नवी धमकी देईल की."

"नाही देणार. दही लावायला ऊब लागते की नाही? आठवणीचंही तसंच. मेंदूत नवी आठवण घट्ट व्हायची तर पेशींना नवी प्रथिनं बनवावी लागतात, आणि एवढ्या गारठ्यात ती बनत नाहीत. ऊबदिवसाची ऊबही त्याला पुरत नाही. जुनं दही भांड्यात राहतं, नवं विरजण लागत नाही. गार झाल्यानंतरचं त्याला काहीही माहीत असायचं नाही."

"बरं. लिहितो तसं."

इथे ओगल्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण थापाड्याला एकदा उतार लागला, की ब्रेक सापडत नाहीत. आणि बाहेर गाडीचा आवाज आला होता.

"शालन, आता गोष्टीबाहेरचं सांगतो. यंदाच्या ऊबदिवशी तू तापानं पडली होतीस. पेटीपाशी मी होतो."

"माहीत आहे. मीच पाठवलं होतं तुला."

"तो 'आलोच' म्हणाला नाही."

शालनताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"संस्थेची माणसं पडद्यावरचे आकडे बघण्यात दंग. आवाज अगदी बारीक, मलाच काय तो ऐकू आला. माझ्याकडे बघून म्हणाला, 'भाल्या, शालनला सांग, पुरे झालं आता. रोज संध्याकाळी जाईखाली बसून राहते, चहा निवतो तरी उठत नाही. तिला म्हणावं, माझी वाट पाहू नकोस.'"

ओगल्यांना आपला आवाज शेवटी कापल्यासारखा वाटला. गोष्ट सांगताना तो कधी कापत नसे.

"जाईखाली, असं म्हणाला?"

"असंच म्हणाला."

शालनताई उठल्या, पेटीच्या काचेवरचं दव तळहातानं पुसलं, आतल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दारात जाऊन त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, पेटी चढवू नका. गाडी रिकामीच न्या."

ओगल्यांच्या छातीवरची धोंड उतरली. लगेच दुसरी चढली. पेटीतल्या मित्राच्या तोंडी आपले शब्द घालून जिंकलो, हे त्यांना सुखानं गिळवेना. तरी त्यांनी जवळच्या पिशवीत उगाच काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"सापडली," शालनताई परत येऊन बसत म्हणाल्या.

"काय?"

"खोट. सुधन्वाला जाईच्या वासानं शिंकांवर शिंका यायच्या. तो हिंडताफिरता होता तोवर मी अंगणात जाई येऊ दिली नाही. त्यानं ती पाहिलेलीच नाही. आणि नंतरचं त्याच्या डोक्यात काही शिरत नाही, हे आत्ताच दही लावून दाखवलं तुला."

ओगल्यांनी मान खाली घातली. "मग गाडी का परत पाठवलीस?"

"तुझ्या थापेमुळे नाही. खोट शोधताना दिसलं म्हणून. मला वाटायचं, तो आत माझी वाट पाहतोय, त्याला एकटं कसं सोडू? पण वाट पाहायची तर काल आठवावा लागतो, भाल्या. त्याला काल नाहीच. त्याच्या लेखी 'आलोच' म्हणून अजून क्षणही सरलेला नाही. तुझ्या थंडासुराला मी शंभर अंक वाट पाहू दिली, ती माझी चूक. मेलेल्याला बाकी सगळं जमेल, तेवढं जमत नाही. ते जित्या माणसाचं काम. त्याला आता इथेच शांतपणे निरोप देऊ."

"नियम म्हणजे नियम," ओगले पिशवी उचलत म्हणाले. "गोष्ट इथे थांबली."

"बस खाली. खोट अजून पुरती निघाली नाही."

शालनताईंनी खिडकीकडे बोट केलं. समोर त्यांच्या घराचं अंगण होतं, अंगणात जाई, आणि रस्त्यापलीकडे, चित्रं काढायला शांतता हवी म्हणून ओगल्यांनी घेतलेल्या घराची गच्ची.

"मी जाईखाली बसते आणि माझा चहा निवतो, हे या पेटीतून दिसत नाही," त्या म्हणाल्या. "त्या गच्चीतून दिसतं."